सोळा पायऱ्या आणि बाकीचं शहर

भारतातून पाहुणे येणार असले की त्यांचं वेळापत्रक तिथूनच ठरून येतं. एक दिवस समुद्र, एक दिवस गंगा तलाव, एक दिवस शामारेलची सात रंगांची माती आणि विमानाच्या आदल्या दुपारी खरेदीसाठी पोर्ट लुई. राजधानीच्या वाट्याला जेमतेम तीन तास येतात आणि त्यातले दोन कोदाँच्या दुकानांतच जातात. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीच्या काचेतून बघत म्हणाल्या, "अगं, हे तर थेट आपल्या मुंबईच्या फोर्टसारखं दिसतंय. गर्दी तेवढी कमी."

त्यांचं निरीक्षण अगदी नेमकं होतं. मुंबईचा फोर्ट, मद्रास, कोलंबो आणि पोर्ट लुई ही गावं एकमेकांसारखी दिसतात, कारण ती एकाच तऱ्हेच्या माणसांनी एकाच कामासाठी बांधली. बंदर ताब्यात ठेवायचं, माल मोजायचा, माणसं मोजायची आणि हे सगळं करणारा कोण आहे ते जहाजातून उतरणाऱ्याला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे. हे काम भाषणांपेक्षा इमारती जास्त चोख करतात.

मी मूळची रत्नागिरीची. इतिहासात एम.ए. केलं, तिथल्याच एका शाळेत काही वर्षं इतिहास-भूगोल शिकवला आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षांपूर्वी मॉरिशसला आले. आता घर, मुलीचा अभ्यास आणि शनिवारचा मराठीचा बालवर्ग. शाळा सुटली तरी शिक्षिकेची खोड काही सुटत नाही. जुनी इमारत दिसली की मनात चार प्रश्न उभे राहतात: हिचं तोंड कुणीकडे आहे? दगड कुणी फोडला? पुढच्या दाराने कोण जायचं? आणि मागच्या दाराने कोण?

हे प्रश्न मला थिबा राजवाड्याने शिकवले. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. सातवीच्या वर्गाला मी तिथे घेऊन गेले की कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, कैद्याला एवढा मोठा राजवाडा कशाला?" मी त्यांना वरच्या मजल्यावरून खाडी आणि समुद्र दाखवायचे. राजाला जहाजं दिसत होती, फक्त त्यात बसता येत नव्हतं. इमारत देखणी असणं आणि तिचा हेतू चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मुलांना समजलं की त्या दिवसाची सहल सार्थकी लागायची.

तेच डोळे घेऊन मी पोर्ट लुईत फिरते.

सुरुवात बंदराजवळच्या चौकापासून करू. त्याचं जुनं नाव प्लास दार्म, म्हणजे फौजेच्या कवायतीची जागा. आता त्याला सुखदेव विष्णुदयाल या स्वातंत्र्यकाळातल्या नेत्याचं नाव दिलं आहे, पण बस विचारताना लोक जुनंच नाव घेतात. बंदरापासून सरळ वर उंच ताडांच्या दोन रांगा जातात आणि त्या रांगांच्या टोकाला सरकारी वाडा उभा आहे. वाड्याचं तोंड थेट समुद्राकडे. धक्क्यावर पाऊल ठेवणाऱ्याची नजर ताडांच्या मधून आपोआप त्या दाराशी पोचते. आणि वाड्याच्या खिडकीत उभ्या असलेल्या गव्हर्नरलाही बंदरात आलेलं प्रत्येक गलबत दिसायचं. आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्यासमोर सभामंडप असतो तशी ही रचना आहे, फक्त गाभाऱ्यात कंपनी सरकार बसलेलं.

हा वाडा १७३० च्या दशकातला, फ्रेंचांच्या वेळचा. डच इथे १५९८ मध्ये आले, बेटाला आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं. १७३५ मध्ये माहे द ला बुर्दोने गव्हर्नर म्हणून आला आणि त्याने या दलदलीच्या किनाऱ्याचं बंदर केलं. गोदी, बराकी, दवाखाना, पाण्याची सोय हे सगळं त्याच्या काळातलं. हे नाव आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलेलं आहे. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकणारा फ्रेंच आरमारप्रमुख तो हाच. नंतर डुप्लेशी त्याचं बिनसलं आणि मायदेशी परतल्यावर बिचाऱ्याला बास्तीच्या तुरुंगात जावं लागलं. मी वर्गात कर्नाटकातली युद्धं शिकवायचे तेव्हा हा माणूस माझ्यासाठी सनावळीतलं एक नाव होता. इथे तो चौकात पुतळा होऊन उभा आहे, समुद्राकडे बघत.

वाड्याचा दगड काळा आहे. तो पाहिला की आपल्या माणसाला घाटावरचे वाडे आणि किल्ले आठवणारच, आणि हा नुसता भास नाही. भूगोलाच्या शिक्षिकेला इथे थोडं थांबू द्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून लाव्हा वर येऊन दख्खनचं पठार झालं, त्याच स्थानावर फार पुढे मॉरिशस आणि शेजारचं रेयुनियाँ जन्माला आलं. सह्याद्रीचा बेसाल्ट आणि पोर्ट लुईचा बेसाल्ट एका आईची लेकरं. दगडाचं नातं माणसांच्या नात्यापेक्षा कितीतरी जुनं निघालं.

पण दगड आपण होऊन भिंतीत जात नाही. तो फोडणारे, वाहणारे हात होते मादागास्करहून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे. गवंडी, सुतार असे कारागीर पाँडिचेरीकडूनही आणले होते. म्हणजे मजूर भारतीय इथे यायच्या शंभर वर्षं आधी कारागीर भारतीय आलेला आहे. वाड्यावर यातल्या कुणाचंही नाव नाही.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. त्या स्वारीत हिंदुस्थानातून आणलेले शिपाईही होते. आता खरं म्हणजे नव्या सत्तेने नवा वाडा बांधायला हवा होता. इंग्रज जुन्या वाड्यातच राहायला गेले. शरणागतीच्या अटींत फ्रेंच रहिवाशांचा धर्म, कायदे, चालीरीती आणि मालमत्ता राखण्याचं त्यांनी कबूल केलं होतं. राज्य इंग्रजांचं आणि ऊसमळे फ्रेंचांचे, असा तो संसार. एकाच्या हातात बंदर, दुसऱ्याच्या हातात साखर. दोघांनाही एकमेकांशिवाय चालत नव्हतं.

या समझोत्याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे तोच ला बुर्दोनेचा पुतळा. तो बसवला गेला १८५९ मध्ये, म्हणजे इंग्रज राजवटीला पन्नास वर्षं होत आली तेव्हा. ज्याने इंग्रजांचं मद्रास घेतलं त्याचा पुतळा इंग्रजांच्या राजधानीत, भर चौकात! आणि चौकाच्या वरच्या टोकाला, वाड्याच्या दारात, व्हिक्टोरिया राणी. दोन्ही पुतळ्यांकडे एकापाठोपाठ बघितलं की मला दोन सह्या केलेला करारनामा दिसतो. त्या कागदावर तिसरी सही नाही. बेटावरच्या बहुसंख्य माणसांना कुणी विचारलेलंच नव्हतं.

आता मान वर करा. गावाच्या डोक्यावर, छोट्या टेकडीवर काळी, रुंद, खिडक्यांविना बसलेली एक वास्तू दिसते. तो फोर्ट ॲडलेड, ज्याला सगळे सिटाडेल म्हणतात. १८३४ ते १८४० या काळात बांधला, नाव चौथ्या विल्यमच्या राणीचं. बंदरावर लक्ष ठेवायला किल्ला असणं समजू शकतं. पण हा किल्ला गावाच्या मागे आहे आणि त्याच्या कठड्यावरून बंदर जितकं स्वच्छ दिसतं तितक्याच स्वच्छ गावातल्या गल्ल्या दिसतात. ही नजर कुणावर होती?

सालाकडे बघितलं की उत्तर मिळतं. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करायचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी तो इथे लागू झाला. मळेवाल्यांनी आधीपासूनच आकाशपाताळ एक केलं होतं. १८३२ मध्ये जॉन जेरेमी हा गुलामगिरीविरोधी सरकारी वकील लंडनहून आला, तर शहराने दुकानं बंद करून असा बंद पाळला की त्याला आल्या पावली परत पाठवावं लागलं. इतकं घडल्यावर इंग्रजांनी टेकडीवर तोफा चढवल्या. शत्रू समुद्रातून येईल ही भीती होतीच, पण शेजारचा साखरवाला उठेल ही भीतीही होती. त्या तोफा कुठल्याही युद्धात डागल्या गेल्या नाहीत. तशी गरजही नव्हती. सकाळी उठून अंगणात आलं की मान वर करून बघावं लागतं, एवढं पुरेसं होतं.

मळेवाले अखेर शांत झाले ते तोफांपेक्षा पैशांमुळे. इंग्रज सरकारने साम्राज्यातल्या गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. त्यातले २० लाखांहून जास्त मॉरिशसच्या मालकांना मिळाले. जे ६० हजारांहून अधिक लोक मोकळे झाले त्यांना काहीच मिळालं नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३९ पर्यंत जुन्याच मालकाकडे राबावं लागलं. ती मुदत संपताच त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मग उसाला हात कुणाचे?

इथे आपण या गोष्टीत येतो.

किल्ल्याचं काम सुरू झालं त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलस' नावाचं जहाज कोलकात्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. इंग्रजांनी या प्रकाराला 'महान प्रयोग' असं नाव दिलं होतं: गुलामांऐवजी कराराचे मजूर घेऊन ऊस पिकतो का, हे बघायचं. प्रयोग यशस्वी झाला. पुढच्या सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं भारतातून इथे आली. भोजपुरी मुलखातले होते, तमिळ होते, तेलुगू होते आणि मुंबई बंदरातून चढलेले आपले कोकणातले, घाटावरचे लोक होते.

त्यांच्यासाठी १८४९ मध्ये बंदराच्या एका कोपऱ्यात डेपो झाला. तोच आज आप्रवासी घाट. वाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, पण ताडांच्या रांगा, पुतळे यातलं तिथे काही नाही. उरलेला भाग जेमतेम १,६४० चौरस मीटर आहे. बराचसा डेपो पुढच्या काळात मोडला, महामार्ग तर अंगावरूनच गेला. राहिल्या आहेत त्या काही काळ्या भिंती, दवाखान्याचा भाग, स्वयंपाकघर, शौचकूप, द्वारपालाची खोली. आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्या पायऱ्यांपेक्षा शौचकुपांनी जास्त वेळ थांबवून ठेवलं. किती हिशेबाने बांधलेली जागा आहे ही! बोटीतून उतरवा, पायऱ्या चढवा, दारात मोजा, वैद्याकडून तपासा, जेवू घाला, छपराखाली झोपवा, क्रमांक द्या, आणि दोन दिवसांनी मळ्यावर रवाना करा. प्रत्येक टप्प्याला एक खोली आणि सगळी वाट एकाच दिशेने जाणारी. मधेच उभं राहून 'मला परत जायचंय' म्हणणाऱ्यासाठी या नकाशात जागाच नाही. सत्ता म्हटलं की आपल्याला खांब, कमानी, घुमट आठवतात. पण वाड्याच्या दर्शनी भागापेक्षा या शौचकुपांच्या रांगेत मला ती जास्त स्पष्ट दिसली. वाडा माणसाला दबकून बघायला लावतो, पण डेपो माणसाला आकड्यात बदलतो.

मुंबईकरांना एक तुलना सुचवते. गेटवे ऑफ इंडिया उभारलं ते १९११ मध्ये राजा आणि राणी मुंबईत उतरले त्याची आठवण म्हणून. ते १९२४ मध्ये पुरं झालं. म्हणजे राजा आला तेव्हा कमान नव्हतीच, पुढे तेरा वर्षांनी झाली, कारण उतरणारा मोठा होता. त्याच मुंबई बंदरातून कित्येक वर्षं आधी जी माणसं कराराच्या कागदावर अंगठा उठवून निघाली, त्यांच्या निघण्याची तिथे एक पायरीसुद्धा राखलेली नाही. त्यांची पायरी जपली ती या परक्या बेटाने. २००६ मध्ये युनेस्कोने आप्रवासी घाटाचा जागतिक वारशात समावेश केला. राजधानीतल्या सगळ्या वास्तूंमधून जगाने निवडली ती ही, सर्वांत साधी.

आमच्या शेजारी एक मराठी आजी राहतात. इथेच जन्मलेल्या, पाचव्या पिढीच्या. घरात क्रिओल, देवघरात मराठी. मला 'बाय' म्हणतात आणि गणपतीत त्यांच्या घरच्या आरत्यांच्या चाली ऐकून मला माझ्या आजोळची आठवण येते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाने मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून त्यांच्या पणजोबांची नोंद काढून आणली. डेपोतली जुनी दप्तरं तिथे जपून ठेवली आहेत. तो कागद घेऊन आजी माझ्याकडे आल्या, कारण मी रत्नागिरीची.

कागदावर क्रमांक होता, जहाजाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण आणि जातीचा रकाना. जिल्ह्याच्या जागी इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं 'रत्नागेरी' लिहिलेलं. त्याखाली गावाचं नाव. ते मी कितीतरी वेळ मोठ्याने वाचून बघितलं. एका तऱ्हेने वाचलं तर संगमेश्वराकडचं गाव वाटतं, दुसऱ्या तऱ्हेने राजापूरकडचं. वडिलांना फोन केला, त्यांनी आणखी दोन गावं सुचवली. नक्की काही सांगता आलं नाही. आजींना मी तसंच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "चालेल. चार गावं मिळाली. आधी एकपण नव्हतं."

हे ऐकायला गोड वाटतं, पण मला त्याचा रागही येतो. त्याच काळातला सरकारी वाड्याचा प्रत्येक दुरुस्तीखर्च, प्रत्येक गव्हर्नराची तारीख दप्तरात नीट सापडते. माणसाची उंची इंचात लिहिली, कारण पळून गेला तर ओळखायला लागेल. १८६० च्या दशकापासून करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. गावाचं नाव मात्र कसंही लिहिलं तरी चाललं, कारण त्याला गावी परत पाठवणं हे कुणाच्या हिशेबात मुख्य काम नव्हतं.

पुढची गोष्ट तशी पटकन सांगून होते. १८६६ ते १८६८ या काळात मलेरियाची साथ आली, हजारो माणसं गेली, आणि ऐपत असलेल्यांनी पोर्ट लुई सोडून क्युरपीपच्या थंड उंचवट्यावर घरं बांधली. रेल्वे १८६४ मध्ये सुरू झालेली होतीच. सत्ता दिवसा बंदरात बसायची आणि रात्री वर झोपायला जायची. खाली राहिले ते हमाल, कारागीर, छोटे दुकानदार. गावातली लाकडी घरं, लांब पडव्या, पत्र्याच्या कडेला कापलेली झालर, हे आज आपण फोटोत घेतो. त्यातली बरीचशी वादळांनी नेली, उरलेली हळूहळू वाहनतळ होताहेत.

१२ मार्च १९६८ रोजी शाँ द मार्सवर ब्रिटिश झेंडा उतरला. हे मैदान सिटाडेलच्या पायथ्याशी आहे. फ्रेंचांनी कवायतीसाठी राखलेलं, इंग्रजांनी १८१२ पासून घोड्यांच्या शर्यतींना दिलेलं. १२ मार्च ही तारीख दांडीयात्रेची म्हणून मुद्दाम निवडली होती. ज्या मैदानात दोन राजवटींनी आपली ताकद मिरवली, तिथेच डेपोतून आलेल्यांच्या आणि गुलाम म्हणून आणलेल्यांच्या नातवंडांनी आपला झेंडा चढवला.

नव्या सरकारने जुन्या इमारती पाडल्या नाहीत. राहणारे बदलले. फ्रेंच बराकीत आज पोलिसांचं मुख्यालय आहे. सरकारी वाड्याच्या आवारात राष्ट्रीय संसद भरते आणि दारात व्हिक्टोरिया अजून उभीच आहे. ला बुर्दोनेच्या काळातला फौजी दवाखाना घाटाच्या अगदी शेजारी आहे. तो गुलामांनी बांधला होता आणि तिथेच २०२३ मध्ये गुलामगिरीचं संग्रहालय उघडलं. मला हा बदल सर्वांत आवडला. भिंत तीच, पण आता ती स्वतःबद्दल खरं बोलते.

सत्ता इमारतीतून बोलायची थांबली आहे, असं मात्र कुणी समजू नये. २०२० मध्ये पोर्ट लुईत सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत भारताच्या मदतीने उभी राहिली. मेट्रोलाही भारताचा हात आहे. विमानतळाच्या नव्या इमारतीला चीनने कर्ज दिलं. भारतीय म्हणून मला न्यायालयाची इमारत बघून अभिमान वाटतो, आणि इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझे चार प्रश्न मी तिलाही विचारते. गंमत बघा: इमारत भारतीय मदतीची, आतला दिवाणी कायदा नेपोलियनच्या वळणाचा, आणि शेवटचं अपील आजही लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे. तीन सत्ता एका छपराखाली नांदताहेत.

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्या मंडळात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, ज्यांचे पूर्वज त्या सोळा पायऱ्या चढून आले. दुसरी, आमच्यासारखी, चार-पाच वर्षांच्या परवान्यावर आलेली. परवान्यावर आमचाही फोटो असतो, करार आमचाही असतो आणि तो संपला की काय, ही काळजी रात्री जेवताना आमच्याही ताटावर असते. फरक एवढाच की आमचा करार आम्हाला वाचता येतो आणि नाही पटला तर परतीचं तिकीट काढता येतं. हा फरक लहान नाही. म्हणून 'आम्हीसुद्धा गिरमिटियाच हो' असा विनोद मंडळात कुणी केला की मला हसू येत नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. गेल्या वर्षी कार्यक्रमानंतर चहा घेताना एक नव्याने आलेल्या ताई म्हणाल्या, "यांचं मराठी म्हणजे काय मराठी आहे का? ना धड व्याकरण, ना धड उच्चार." इथे जन्मलेली दोन मुलं जवळच उभी होती. त्यांनी ऐकलं. दोघं पुढच्या शनिवारी वर्गाला आली नाहीत.

शब्द गावाचं बांधकाम करत नाहीत, पण दारं बंद करू शकतात. या लोकांनी भाषा शाळेशिवाय, पुस्तकांशिवाय, मळ्याच्या लाईनीत राहून, आरतीत आणि अभंगात गुंडाळून पाच पिढ्या पोचवली. आमची भाषा शुद्ध राहिली, कारण तिला कुणी बोटीत बसवलं नव्हतं. ज्या डेपोने माणसाचं वजन-माप काढलं त्याच डेपोच्या रांगेत आपण आपल्याच लेकरांना उच्चार तपासायला उभं करायचं का? मी त्या दोन मुलांच्या घरी गेले. आजींनाही बरोबर नेलं. एक मुलगा परत आला, दुसरीची आई म्हणाली, बघू. अजून बघतेच आहे.

म्हणून या वर्षी बालवर्गाची सहल मी जरा वेगळी आखली आहे आणि ती आपल्यापुढे ठेवते. २ नोव्हेंबरला इथे मजुरांच्या आगमनाची सुट्टी असते आणि ती दिवाळीच्या आसपासच येते. त्या दिवशी घाटावर औपचारिक कार्यक्रम असतो, म्हणून आपण त्यानंतरच्या शनिवारी जाऊ. सुरुवात घाटाच्या पायऱ्यांपासून करायची. तिथून गुलामगिरीच्या संग्रहालयात, मग ला बुर्दोनेचा पुतळा, ताडांच्या रांगांमधून वाड्यापर्यंत, आणि शेवटी सिटाडेलवर. प्रत्येक ठिकाणी मुलांनी चारच प्रश्न विचारायचे: तोंड कुणीकडे, दगड कुणाचा, पुढचं दार कुणाचं, मागचं कुणाचं. उत्तर मराठीत, क्रिओलमध्ये, फ्रेंचमध्ये, कसंही चालेल. मी ते फळ्यावर तिन्ही भाषांत लिहीन.

मुलांच्या जोड्या लावायच्या आहेत, एक इथली आणि एक नवी. चढाला छत्री, टोपी आणि पाण्याची बाटली हवीच, नोव्हेंबरात ऊन मरणाचं असतं. आजी म्हणाल्यात की गुडघे दुखतात, किल्ल्यावर काही त्या चढणार नाहीत. पण सोळा पायऱ्या चढीन, म्हणाल्या.